काळजाचा तुकडा

आपल्या मराठी भाषेने एक गोड गोंधळ पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवला आहे. शरीरशास्त्र ज्याला यकृत म्हणते, त्याला मटणाच्या दुकानात आपण काळीज किंवा कलेजी म्हणतो. आणि छातीत धडधडते तेही आपल्या लेखी काळीजच. भीतीने काळजाचे पाणी होते, वियोगाने काळीज तुटते, निर्दयाचे काळीज दगडाचे असते आणि पोटचे लेकरू म्हणजे काळजाचा तुकडा. हृदय आणि यकृत या दोन अवयवांत आपल्या पूर्वजांनी फारसा भेद केला नाही. त्यांचे शरीरशास्त्र कच्चे होते असे म्हणावे, तर विसाव्या शतकाच्या अखेरीस असे काही घडले की त्यांची ती म्हण अक्षरशः खरी ठरली. त्या घटनेपर्यंत शास्त्र कसे पोहोचले आणि आमच्या घराचा तिच्याशी काय संबंध, हे सांगण्यासाठी हा लेख.

मी डॉक्टर नाही. मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी तीस-पस्तीस वर्षे नोकरी केली. सकाळी वसईहून लोकल पकडायची, दिवसभर देशोदेशीची वैद्यकीय नियतकालिके नोंदवायची, वर्षाअखेरीस अंकांची बांधणी करून घेऊन त्यांच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत साल आणि खंड छापून घ्यायचा, हे माझे काम. त्या जाडजूड खंडांत काय लिहिले आहे, हे कळून घेण्याची गरज माझ्यासारख्याला एरवी पडली नसती. ती पडली 1974 साली.

त्या वर्षी माझ्या थोरल्या बहिणीला, आम्ही सारे तिला बाय म्हणतो, मुलगा झाला. मोठ्या थाटात स्नानसंस्कार झाला. बाळ दिसायला गुटगुटीत होते, पण जन्मानंतर आलेली कावीळ काही उतरेना. महिना झाला, दोन महिने झाले. डोळ्यांतील पिवळेपणा गडद होत गेला. लंगोटावर हळदीसारखे डाग पडू लागले आणि शी मात्र चुन्यासारखी पांढरी. शेजारणींनी काविळीची माळ आणून दिली, कुणी झाडपाला सुचवला, आईने रोजरीचा नेम धरला. शेवटी मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात निदान झाले. यकृतातून आतड्याकडे पित्त वाहून नेणाऱ्या नलिकाच बाळाच्या शरीरात बंद होत्या. पित्त आतच कोंडले जात होते आणि यकृताला जाळीत होते. पोट फुगले, हातपाय काड्यांसारखे झाले. अकराव्या महिन्यात बाळ देवाघरी गेले.

बायने त्या काळात मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. “तू एवढ्या पुस्तकांत बसतोस. जगात कुठेच याला इलाज नाही का रे?”

त्या प्रश्नाने मला माझ्याच कपाटांपुढे उभे केले. ग्रंथालयात नेहमी येणाऱ्या एका वयस्कर सर्जनना मी भीतभीत विचारले. त्यांनी डिसेंबर 1963 चा ‘सर्जरी, गायनेकॉलॉजी अँड ऑब्स्टेट्रिक्स’ या अमेरिकन नियतकालिकाचा अंक काढायला सांगितला आणि मानवी यकृताच्या आरोपणावरील एका लेखावर बोट ठेवले. पहिले लेखक होते थॉमस स्टार्झल. सर्जनसाहेबांनी तो लेख मला अर्धा तास बसून समजावून दिला. पुढे त्या नावाचा जो जो लेख आला, तो मी शक्य तेवढा समजून घेत गेलो.

स्टार्झल यांचा जन्म 11 मार्च 1926 रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात ले मार्स नावाच्या लहान गावी झाला. वडील वृत्तपत्राचे संपादक, शिवाय विज्ञानकथा लिहिणारे, आई परिचारिका. पौगंडावस्थेत या मुलाच्या मनात धर्मगुरू व्हावे असे होते. 1947 साली आई स्तनाच्या कर्करोगाने वारली आणि त्यांच्या आयुष्याचा मार्ग वैद्यकाकडे वळला. शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातून ते डॉक्टर झाले. 1958 पासून त्यांनी कुत्र्यांवर यकृत बदलण्याचे प्रयोग सुरू केले आणि 1 मार्च 1963 रोजी कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर येथे माणसावर पहिली शस्त्रक्रिया केली.

तो पहिला रुग्ण तीन वर्षांचा मुलगा होता. त्याचा आजार कोणता, तर पित्तनलिका बंद असण्याचा, आमच्या बाळाचाच. आजारी यकृत रक्त गोठण्यास लागणारी द्रव्ये बनवू शकत नाही आणि पोटातील शिरा तर रक्ताने तटतटून फुगलेल्या असतात. जिथे सुरी लागेल तिथून रक्त वाहू लागले. ते थांबवता आले नाही आणि मूल शस्त्रक्रियेच्या मेजावरच गेले.

डिसेंबर 1963 च्या त्या लेखात या मुलाची आणि पुढच्या दोन रुग्णांची हकिगत आहे. पहिले मूल रक्तस्रावाने गेले, म्हणून पुढच्या दोघांना रक्त गोठवणारी द्रव्ये दिली. रक्त वाहायचे थांबले. पण शस्त्रक्रियेच्या वेळी रक्त ज्या नळ्यांतून वळवले होते त्यांत गुठळ्या धरल्या आणि त्या फुप्फुसांत जाऊन अडकल्या. एक रुग्ण बावीस दिवस जगला, दुसरा सुमारे आठवडाभर. एका चुकीवरचा उपाय हीच दुसरी चूक ठरली. जानेवारी 1964 पर्यंत डेन्व्हरमध्ये पाच आणि बोस्टन व पॅरिस येथे प्रत्येकी एक अशा सात शस्त्रक्रिया झाल्या. सातांपैकी एकही रुग्ण महिनाभर जगला नाही. मग स्टार्झल यांनी हे काम आपण होऊन सुमारे तीन वर्षे थांबवले.

वाचकहो, हा लेख प्रथम समजला तेव्हा माझ्या मनाने बंड केले होते. मेलेल्या माणसांचा असा जमाखर्च छापतात तरी कशाला? उत्तर सावकाश उमगले. त्यांनी तो छापला नसता, तर जगाच्या दुसऱ्या टोकाच्या सर्जनने तीच चूक पुन्हा केली असती आणि आणखी एक मूल त्याच कारणाने गेले असते. यश छापायला धैर्य लागत नाही. आपल्या हाताखाली मूल कसे गेले, कोणते औषध दिले, कुठली गुठळी कुठे सापडली, हे नावानिशी साऱ्या जगापुढे मांडायला लागते. आपण कबुलीजबाबाला जातो तेव्हा मोठेच काही घडते; पण तो कानात सांगितलेला असतो. हा तर चव्हाट्यावर मांडलेला होता.

थांबलेल्या त्या वर्षांत काम मात्र थांबले नाही. परक्या अवयवाला शरीर शत्रू समजते आणि त्याचा नाश करू पाहते. त्या प्रतिकाराला आवर घालण्याचे नवे उपाय शोधले गेले, काढलेले यकृत काही तास टिकवण्याच्या पद्धती सुधारल्या. 23 जुलै 1967 रोजी एकोणीस महिन्यांच्या एका मुलीला नवे यकृत बसवले. ती वर्षाहून अधिक काळ जगली. गेली ती तिच्या मूळच्या कर्करोगाने. जानेवारी 1970 मध्ये पित्तनलिका बंद असलेल्या तीन वर्षांच्या एका मुलीवर शस्त्रक्रिया झाली. ती तर पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ जगली. पण असे रुग्ण विरळा. साऱ्या सत्तरीच्या दशकात वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांश राहिले. आमचे बाळ गेले ते याच दशकात. जगात कुठे इलाज आहे का, या बायच्या प्रश्नाचे त्या वेळचे खरे उत्तर होते: आहेही आणि नाहीही. ते तिला सांगण्याचे बळ मला तेव्हा झाले नाही. सांगून तिचे दुःख हलके होण्यासारखेही नव्हते.

चित्र पालटले ते मातीमुळे. सँडोझ या स्विस कंपनीच्या संशोधकांनी मातीतील एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे द्रव्य मिळवले. केंब्रिजच्या रॉय काल्न यांनी 1978 मध्ये ते प्रथम रुग्णांना दिले. स्टार्झल यांनी 1980 साली त्याला प्रेडनिसोनची जोड दिली. त्यांच्या यकृताच्या पहिल्या बारा रुग्णांपैकी अकरा वर्षभराहून अधिक जगले आणि 1981 मध्ये तो वृत्तांत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. जून 1983 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने ही शस्त्रक्रिया आता केवळ प्रयोग राहिलेली नाही, असा निर्वाळा दिला. पुढे जपानमधील त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या जीवाणूपासून टॅक्रोलिमस मिळाले; त्याचा माणसांवरील पहिला वृत्तांत पिट्सबर्ग येथे काम करणाऱ्या स्टार्झल यांनीच 1989 साली ‘लॅन्सेट’मध्ये दिला. राखेच्या बुधवारी आपल्या कपाळाला राख लावताना आपण माती आहोत याची आठवण दिली जाते. त्याच मातीत परमेश्वराने जीवनाचेही काही लपवून ठेवले होते, हे जाणून मला त्या विधीचा नवा अर्थ लागला.

आणखी एका लेखाचा उल्लेख मला आपल्या समाजासाठी मुद्दाम करायचा आहे. दारूने यकृत घट्ट झालेल्या माणसाला नवे यकृत द्यावे का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. ‘स्वतःच्या हाताने ओढवून घेतले आहे, भोगू दे’ हे वाक्य आपल्या ओटीवर काय कमी ऐकू येते? 1988 साली अमेरिकन वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात स्टार्झल आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की नीट निवडलेले असे रुग्ण शस्त्रक्रियेनंतर इतरांच्या बरोबरीने जगतात आणि त्यांतील फार थोडे पुन्हा प्याल्याकडे वळतात. आकड्यांनी क्षमा शिकवता येत नाही, हे खरे. पण क्षमा न करण्याचे एक निमित्त त्या आकड्यांनी काढून घेतले. आपल्या लग्नसमारंभांत पेले भरणारे हात आणि पुढे त्याच माणसाच्या जलोदराला नाक मुरडणारी तोंडे पुष्कळदा एकाच घरची असतात, याचाही विचार व्हावा.

स्टार्झल संत नव्हते आणि त्यांचे सारेच काम निर्विवाद नव्हते. साठीच्या दशकात डेन्व्हरमध्ये मूत्रपिंडासाठी तुरुंगातील कैदी दाते म्हणून घेतले गेले. भिंतीआडच्या माणसाची संमती कितपत मुक्त असते, हा आक्षेप रास्त होता आणि ती प्रथा पुढे सोडून द्यावी लागली. 1992 साली त्यांच्या पथकाने एका माणसाला बबून माकडाचे यकृत बसवले. तो सत्तर दिवस जगला आणि त्यावर खूप वाद झाला. त्याच वर्षी त्यांनी ‘द पझल पीपल’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी लिहिले आहे की शस्त्रक्रिया करणे त्यांना कधी आवडले नाही. रुग्णाला आपण अपुरे पडू, या भयाने त्यांना आयुष्यभर घेरले होते. ज्याच्या हातांनी इतक्या जणांना जीवदान दिले त्याचे हात आतून कापत होते, हे वाचून मला विलक्षण धीर आला. 1990 नंतर त्यांनी सुरी खाली ठेवली. लेखन मात्र चालू राहिले. दोन हजारांहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर आहेत आणि 1999 मध्ये, वैद्यकात ज्यांचे लेखन सर्वाधिक उद्धृत होते अशा संशोधकांत त्यांचे नाव अग्रस्थानी असल्याचे जाहीर झाले. 4 मार्च 2017 रोजी पिट्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या 1992 च्या एका शोधाने मला सर्वांत अधिक विचार करायला लावले. वीस-तीस वर्षांपूर्वी अवयव मिळालेल्या आपल्या जुन्या रुग्णांना त्यांनी बोलावून घेतले आणि त्यांच्या त्वचेचे व ग्रंथींचे सूक्ष्म तुकडे तपासले. दात्याच्या पेशी तिथेही आढळल्या. त्या बसवलेल्या अवयवातच न राहता घेणाऱ्याच्या साऱ्या शरीरात जाऊन वसल्या होत्या. त्या शोधाचा अर्थ कसा लावावा यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण एक शरीर आणि अनेक अवयव हे संत पौलाचे शिक्षण लहानपणापासून ऐकणाऱ्या माझ्यासारख्याला त्यात एक ओळखीची खूण दिसली.

आता आपल्या देशाकडे वळतो. 1994 साली संसदेने मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा केला. अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली आणि मेंदूच्या मृत्यूला मृत्यू म्हणून मान्यता मिळाली. 4 फेब्रुवारी 1995 पासून तो अमलात आला. आरंभी ज्या तीन राज्यांना तो लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन होती. तिसरे हिमाचल प्रदेश. नोव्हेंबर 1998 मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात भारतातील पहिले यशस्वी यकृत प्रत्यारोपण झाले. रुग्ण दोन वर्षांच्या आतले बाळ, आजार पित्तनलिका बंद असण्याचा आणि दाता त्याचा पिता. यकृताचा काही भाग काढला तरी उरलेले वाढून पुन्हा पुरेसे होते, म्हणून हे शक्य झाले. पित्याने आपल्या काळजाचा तुकडा काढून काळजाच्या तुकड्याला दिला. तो मुलगा पुढे स्वतः डॉक्टर झाला.

ती बातमी मी बायला वाचून दाखवली आणि त्या दिवशी प्रथमच तिला डेन्व्हरच्या पहिल्या मुलाचीही हकिगत सांगितली. तिने सारे शांतपणे ऐकले. मग म्हणाली, “त्या पहिल्या पोराच्या आईने त्याला त्यांच्या हाती दिला, म्हणून हे पोर वाचलं. तिला हे कुणी सांगितलं असेल का रे?”

मजजवळ उत्तर नव्हते. पण बायच्या मनात काहीतरी पक्के झाले. काही महिन्यांनी तिने घरात सांगितले की आपल्या मृत्यूनंतर जे अवयव उपयोगी पडतील ते द्यावेत. आमच्या आईला ते मुळीच रुचले नाही. ती ऐंशीच्या घरात होती, आणि तिचा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नव्हता. “शेवटच्या दिवशी देव उठवील तेव्हा तू अर्धी उठणार का?” तिने विचारले. धर्मग्रामातील फादर घरी आले. त्यांनी आईला विचारले, “श्वापदांनी फाडून खाल्लेले रक्तसाक्षी अर्धे उठतील का, आजी? आणि प्रभू उठला तो तर जखमांसह उठला.” आई गप्प झाली, पटली असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी एवढेच म्हणाली, “मी असेपर्यंत मरू नकोस, म्हणजे मला बघायला नको.” बायने तिचा तो शब्द पाळला.

फादरांनी त्या दिवशी सांगितलेल्या आणि नंतर मी पडताळून पाहिलेल्या काही गोष्टी इथे नोंदवतो. मृत्यूचा नेमका क्षण ठरवणे हे वैद्यांचे काम आहे, असे पोप पायस बारावे यांनी 1957 सालीच भूलतज्ज्ञांपुढे म्हटले होते. 1995 च्या ‘जीवनाची सुवार्ता’ या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी योग्य रीतीने केलेल्या अवयवदानाची गणना दैनंदिन जीवनातील वीरकृत्यांत केली. पुढे 29 ऑगस्ट 2000 रोजी रोममधील प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी अवयवांच्या व्यापाराचा निषेध केला आणि दात्याची संमती जाणतेपणी व मुक्तपणे दिलेली असली पाहिजे, असे बजावले.

ही मुक्त संमती फार नाजूक वस्तू आहे. स्टार्झल स्वतः जिवंत दात्यांविषयी साशंक होते. 1987 साली त्यांनी त्याविरुद्ध लेखही लिहिला. धडधाकट माणसाच्या पोटावर सुरी चालवायची, आणि तो धोका शून्य कधीच नसतो. आपल्या देशात बहुतेक यकृते जिवंत नातेवाइकांकडूनच येतात आणि जिवंत दात्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आहे. पत्नीने, आईने, बहिणीने द्यायचे हे गृहीतच धरले जाते. हे दान की कुटुंबाचा मूक हुकूम, हा प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारायला हवा. मृतांकडून मिळणारे अवयव वाढले, तर जिवंतांवरचा हा भार हलका होईल.

बाय 2016 साली गेली. घरीच, झोपेत, हृदयविकाराने. अवयवदान होऊ शकले नाही. यकृत, मूत्रपिंडे, हृदय हे अवयव मेंदूचा मृत्यू झालेल्या आणि रुग्णालयात यंत्रांच्या साहाय्याने ज्यांचे रक्ताभिसरण चालू आहे अशांकडूनच घेता येतात. घरी मृत्यू आला तर साधारण सहा तासांच्या आत डोळे मात्र देता येतात. तिच्या मुलींनी वेळेवर नेत्रपेढीला कळवले आणि ते दान झाले. तिची इच्छा घरात सर्वांना ठाऊक होती, म्हणूनच त्या घाईत वाद झाला नाही. कार्डावर सही असली तरी ऐनवेळी विचारतात ते घरच्यांनाच. आणि घरच्यांना आधी माहीत नसेल, तर दुःखाच्या त्या घटकेत तोंडून नकारच निघतो.

म्हणून माझ्या वाचकांना दोनच विनंत्या आहेत. बाळाची कावीळ दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि शी पांढुरकी होऊ लागली, तर माळ बांधून वाट पाहू नका. या आजारावर जपानचे मोरिओ कासाई यांनी शोधलेली शस्त्रक्रिया आहे आणि ती बाळ दोन महिन्यांचे होण्यापूर्वी झाली तर यशाची शक्यता सर्वांत अधिक असते. दुसरी विनंती अशी की आपल्या मृत्यूविषयी घरात एकदा मोकळेपणी बोला. रात्रीच्या रोजरीनंतर सारे एकत्र बसलेले असतातच. जेवणाची पाने मांडण्यापूर्वी पाच मिनिटे पुरतील.